माझ्या गळ्यातली दोन इष्टलिंगं

"दोन्ही फुप्फुसांवर डाग आहेत," एक्स-रेची फिल्म खिडकीकडं धरून डॉक्टर म्हणाले. "टीबी आहे, बाई. आजच भरती व्हा. आणि बाळाला अंगावर पाजायचं बंद."

टीबी म्हणजे क्षय. आमच्या दुधनीत त्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेत. मला मात्र बसू आठवला. रांगायला लागलेलं पोर अत्तेंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हवाली करून, संध्याकाळच्या गाडीनं येते म्हणून सोलापूरला आले होते. छाती दुधानं भरून आली होती आणि डॉक्टर म्हणतात, बंद!

खोकला बरेच दिवस होता. बाळंतिणीचा खोकला, जाईल, असं सगळे म्हणाले आणि मीही मान डोलावली. तुम्ही डोलवू नका, तपासून घ्या.

वॉर्डात लुगडं बदलताना ध्यानात आलं की गळ्यात दोन इष्टलिंगं आहेत. आम्हा लिंगायतांत मूल जन्मलं की स्वामी त्याला इष्टलिंग, म्हणजे गळ्यात बांधायचं छोटं शिवलिंग, देतात. पोर दोरा ओढतं, तोंडात घालतं, म्हणून ते मोठं होईपर्यंत माझ्या सासरी आईच ते आपल्या गळ्यात वागवते. घाईत बसूचंही माझ्याबरोबर आलं होतं. आमचे हे भेटायला आले तेव्हा मी ते काढून देऊ लागले.

"राहू दे की तुझ्यापाशी," हे म्हणाले. "त्याची पूजा तूच कर. तो काय करणार हाय?"

रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन असे, क्षयाचे जंतू मारणारं. त्याआधी मी खाटेवर बसून डाव्या तळहातावर आधी माझं इष्टलिंग ठेवायची, मग बसूचं. पाणी, भस्म, मिळालं तर फूल. शेजारच्या खाटेवरची नरसक्का चिडवायची, "तुझ्या लेकाचा देव लई वेळ खातो गं!" खातच होता. मी त्याच्याशी बोलत बसायची. तेवढा वेळ दुधनी लांब वाटायची नाही. मग दिवसभर जीव टांगणीला. वरचं दूध पचत असेल का? रात्री कुणाजवळ निजत असेल?

स्पुटम, म्हणजे थुंकीची तपासणी, अजून पॉझिटिव्ह येत होती. जंतू होते, म्हणून बाळाला आणायची परवानगी नव्हती. मी डॉक्टरांशी भांडले. "भांडा," ते म्हणाले, "पण आणू नका."

एका दुपारी, भेटीचा वार नसताना, हे आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बसूचं इष्टलिंग दे."

"कशाला? तुमीच राहू दे म्हणाला होता की."

"स्वामी थांबलेत," खाली बघत म्हणाले.

आमच्यात माणूस गेलं की त्याचं इष्टलिंग त्याच्या हातात ठेवून पुरतात. मला आणखी काही सांगावं लागलं नाही. मी अशी किंचाळले की सिस्टर धावत आल्या.

क्षयाचाच मेनिंजायटिस झाला होता, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज. मला धक्का बसेल म्हणून बसूचा ताप सगळ्यांनी लपवला होता. "माझ्यापासूनच लागलं का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"लागलं असेल," ते म्हणाले. "पण तुम्हाला ठाऊक नव्हतं." ते खोटं बोलले नाहीत, याबद्दल त्यांचे उपकार मानते.

घरी जाऊ द्या म्हणून पाय धरले. घरात जावेची लहान मुलं होती; डॉक्टरांनी सोडलं नाही.

मग मी सिस्टरकडून कोमट पाणी मागून घेतलं. बसूचं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि त्याला घालायची तशीच, हळूहळू, आंघोळ घातली. पदरानं टिपलं. भस्म लावलं. हे दाराशी उभे राहून रडत होते, पण गाडीची घाई त्यांनी केली नाही. मग त्यांच्या रुमालात बांधून दिलं.

मी बरी झाले. गोळ्या नेमानं घेतल्या, तुम्हीही घ्या. देवावर मात्र माझा राग आहे आणि तो जायचा नाही. पण लांब अडकून पडलेल्या आईला त्यानं लेकराची शेवटची आंघोळ घालू दिली. तेवढ्यासाठी रोज हात जोडते.