कंदील, पेरू आणि माझ्या विहीणबाई

जगातलं सगळ्यात प्रामाणिक माणूस दाखवा म्हणून उद्या कुणी माझ्या दारात उभं राहिलं, तर मी त्याला चहासुद्धा न विचारता थेट डोंबिवलीला माझ्या विहीणबाईंकडे पाठवीन. आणि असल्या माणसासाठी मी पेपर फोडला. हो, मीच. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. तेव्हा मी लहान होते, अक्कल यायची होती, असं मी सगळ्यांना सांगते. आता बहात्तराव्या वर्षी त्या एकोणसत्तर वर्षांच्या अल्लड पोरीकडे पाहिलं, की तिचा कान पिळावासा वाटतो.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. उत्तर आधी आणि रीडिंग मागाहून लिहिणारी मुलं त्या म्हणे जर्नल उघडायच्या आधीच ओळखायच्या. निवृत्त होताना कॉलेजने त्यांना शाल-नारळ दिला आणि प्रयोगशाळेतला स्वभाव त्या सगळाच्या सगळा घरी घेऊन आल्या. त्यांच्याकडे चहाचं पाणी मेझरिंग सिलिंडरने मोजतात, तेही गुडघ्यात वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर लेबल: आत काय आहे, कधी भरलं, खाली सही. घरात दोनच माणसं, त्यातली एक त्या स्वतः, तरी सही. त्यांच्या यजमानांच्या कवळ्यांच्या दोन डब्यांवरही 'वरची' आणि 'खालची' अशी लेबलं आहेत, आणि यजमान बिचारे ती वाचायला चष्मा शोधत असतात.

आमची ओळख झाली ती मुलांच्या लग्नात. मी वरमाय. पन्नाशीची, पैठणीतली, नाकावर माशी बसू न देणारी, सोफ्यावर बसून रुसायची संधी शोधत असलेली. आज ती बाई मला भेटली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. कॉफी आली. मी नुसता ओठ लावून कप खाली ठेवला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "गार आहे." दुसरी कुणी मुलीची आई रडकुंडीला आली असती. या बाईंनी पर्समधून थर्मामीटर काढला, कपात बुडवला, उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "बासष्ट अंश. याहून गरम प्यायलात तर जीभ भाजेल, विहीणबाई. रुसायचंच असेल तर दुसरं काहीतरी शोधू या, मी मदत करते." मी इतकी हसले की कॉफी नाकातून थेट पैठणीवर आली. तो डाग अजून आहे. तेव्हापासून मी ठाण्यात वर्तकनगरला राहते म्हणायचं ते पत्त्यापुरतं. आठवड्यातले तीन-चार दिवस माझा मुक्काम डोंबिवलीला.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाची काही माणसं आमच्या भागात म्हातारपणावर संशोधन करायला आली. माणूस म्हातारा होतो म्हणजे त्याचं नेमकं काय काय होतं, त्यातलं काय लांबवता येतं, काय सुधारता येतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी ठाण्यातली आणि कल्याण-डोंबिवलीतली पासष्टीपुढची माणसं हवी होती, दर सहा महिन्यांनी तपासायला. मी नाव दिलं कारण तिथे नाश्ता मिळतो असं ऐकलं होतं. विहीणबाईंनी दिलं कारण, त्यांच्याच शब्दांत, "आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रयोग लावून दिले, आता मीच परीक्षानळीत बसते."

या कामाच्या प्रमुख म्हणजे पन्नाशीच्या एक बाई, अंबाड्यात पेन्सिल खोचून हिंडणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, चार मीटर किती झपझप चालता येतं आणि मूठ किती घट्ट आवळता येते, यावरून पुढच्या तब्येतीचा बराच अंदाज येतो. झालं! त्या गणपतीत विहीणबाईंनी सगळ्या आरत्या एका पायावर म्हटल्या. सोसायटीतल्या दोघी जणी मागाहून हळूच विचारायला आल्या, की हा कुठला नवस आणि पावतो का. मजल्यावरच्या पॅसेजमध्ये चार मीटरवर खडूच्या दोन रेघा आल्या, आणि कुरियरवाला असो की गॅसवाला, स्टॉपवॉचखालून गेल्याशिवाय सुटका नाही. चेअरमन एकदा गच्चीच्या किल्लीवरून भांडायला आले होते. "भांडू या, पण आधी या रेघेपासून त्या रेघेपर्यंत चाला," असं ऐकल्यावर ते चालले, "वेग उत्तम आहे हो तुमचा," असं ऐकल्यावर लाजले आणि किल्ली देऊन गेले. एका रिसेप्शनला त्यांनी नवऱ्यामुलाशी हात मिळवला, तो तसाच धरून ठेवला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "पकड सैल आहे. रोज सकाळी ओल्या चादरी पिळत जा." नवरीने त्यांना तिथल्या तिथे वाकून नमस्कार केला.

मी एका पायावर चार सेकंद टिकायचे. "विहीणबाई," त्या म्हणायच्या, "तुम्हाला बघून खाडीतले बगळे दोन्ही पाय टेकतील."

पण त्याच सुमाराला मला एक गोष्ट खुपायला लागली. एकदा त्यांच्याकडे मी चहात साखर घातली आणि तोंड खारट झालं. बरणीवर लेबल साखरेचं, तारीख बरोबर, सही बरोबर, आत मीठ. दुसऱ्या एका दुपारी त्यांनी मला तासाभरात तीनदा विचारलं, "गुडघा कसा आहे तुमचा?" तिन्ही वेळा तितक्याच आपुलकीने. तिसऱ्यांदा त्यांच्या यजमानांनी पेपरमागून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर वर धरला. विहीणबाईंनी आपल्या आईचं मला एकदाच सांगितलं होतं. शेवटची तीन वर्षं ती माउली पोटच्या लेकीला विचारायची, "अहो बाई, तुम्ही कुणाकडच्या?" ते सांगताना विहीणबाई नखाने एका बरणीचं लेबल खरवडत होत्या. "पुढच्या तपासणीत आठवणीचीही परीक्षा आहे ना," त्या म्हणाल्या. "त्यात कळेल. जे असेल ते रीडिंग." आणि गप्प बसल्या. त्यांचं बोलणं मी बावीस वर्षं सोसलंय, ते गप्प बसणं मला दहा मिनिटंही सोसेना.

ठाणेकरांची तपासणी डोंबिवलीकरांच्या आठ दिवस आधी, माजिवड्याच्या एका हॉलमध्ये होती. पेन्सिलवाल्या बाईंनी दहा शब्द वाचून दाखवले. मग मूठ आवळ, खुर्चीतून ऊठ, असं वीस मिनिटं इकडचं तिकडचं करायचं आणि मग ते शब्द सांगायचे. मी नऊ सांगितले. बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, "आजी, बाहेर कुणाला सांगू नका हं. डोंबिवलीलाही हीच यादी आहे." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर उच्चारायला नको होतं. दहावा शब्द मला परत येताना रिक्षात आठवला. "होडी!" मी ओरडले. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. "आजी, रिक्षाय ही. होडी पायजेल तर खाडीवर सोडू का?"

आता यादी सरळ हातात ठेवली तर विहीणबाईंनी मलाच पॅसेजमध्ये उभं केलं असतं. म्हणून मी ठरवलं, शब्द बोलण्यात पेरायचे. कंदील, पेरू, सुतळी, घुबड, पायरी, चुलता, बटण, तंबोरा, मीठ, होडी. करून बघा तुम्ही! सोमवारी मी पेरू घेऊन गेले, सुतळीने बांधून. "कंदिलाच्या उजेडात पेरू काय छान दिसतो नाही?" मी म्हटलं. भर दुपार होती. मंगळवारी ब्लाउजचं बटण मुद्दाम तोडून गेले आणि ते शिवता शिवता आमच्या वर्तकनगरच्या झाडावर बसणाऱ्या एका घुबडाची हकिगत सांगितली. बुधवारी सगळा कल्पनाविलास एकत्र बांधला: माझा एक चुलता होता, तो होडीत बसून तंबोरा वाजवायचा, पेरूला मीठ लावून खायचा, आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर एक घुबड कंदिलाशेजारी बसून ऐकायचं.

"तुमच्या वडिलांना भाऊ नव्हता ना?" विहीणबाई म्हणाल्या.

"लांबचा चुलता."

"आणि तंबोरा? होडीत?"

"रुंद होडी होती."

त्यांनी एक निळी वही काढून तीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं वाण्याची यादी असेल. शनिवारपर्यंत मी तो चुलता सात वेळा होडीत बसवला. यजमान तर मी दिसले की आतल्या खोलीत जायला लागले.

सोमवारी डोंबिवलीची तपासणी. मी सोबत म्हणून गेले आणि हॉलबाहेर बाकावर बसले. तासाभराने विहीणबाई बाहेर आल्या, ताठ, वही काखेत.

"किती?" मी विचारलं.

"दहापैकी दहा."

मी टाळीसाठी हात पुढे केला. तो हवेतच राहिला.

"मग मी बाईंना म्हटलं, खोडून टाका. हे रीडिंग बाद." त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. वर तारीख, खाली सही, आणि मध्ये: कंदील, अकरा वेळा. पेरू, चौदा. घुबड, नऊ. चुलता (अस्तित्वात नाही), सात. "मला वाटलं, तुमचंच डोकं चाललं. आठवडाभर मला झोप नाही. रोज मोजून लिहीत होते, म्हटलं सोमवारी बाईंना दाखवू, वेळेवर काही उपाय होतोय का बघू. आणि आत बसले तर त्या म्हणतात, कंदील. म्हटलं, योगायोग. पेरू आला, सुतळी आली. घुबड आल्यावर मला हसूच आवरेना, बाईंना वाटलं ठसका लागला, त्यांनी पाणी दिलं."

"मग?"

"मग दुसरी यादी." त्यांनी वही मिटली. "पाच."

पेन्सिलवाल्या बाईंनी मला आत बोलावलं. शाळेत मी कधी मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले नव्हते, ती हौस तिथे फिटली. बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट. नुसतं म्हणाल्या, "आजी, तुम्ही यांना पास केलं असतंत. मग यांना काय होतंय ते मला कळणार कसं होतं?" आणि माझ्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. ते काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. चांगलं नसावं.

त्या पाचाच्या आकड्यावरून विहीणबाईंना डॉक्टरांकडे पाठवलं, रक्त तपासलं, तेव्हा बी-ट्वेल्व अगदी तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. त्यांनी दंडावर लेबल लावलं नाही एवढंच, बाकी नोंद सगळी आहे. सहा महिन्यांनी नव्या यादीत आठ शब्द आले, तेव्हा सोसायटीत पेढे वाटले गेले, दर घरी दोन, वजन करून. मीठ मिठाच्या बरणीत परत गेलं. डॉक्टर मात्र स्पष्ट म्हणाले, बरंचसं भरून आलंय, पण लक्ष ठेवायला हवं, वय आहे. अजूनही कधी कधी त्या नातवाला आमच्या मुलाच्या नावाने हाक मारतात आणि मग आपली आपणच वहीत नोंद करतात.

परवा त्यांच्या गॅलरीत आम्ही दोघी एका पायावर उभ्या होतो, एकमेकींचा खांदा धरून. माझे आता अकरा सेकंद होतात. मी म्हटलं, "विहीणबाई, त्या पेपरफुटीबद्दल मी तुमची धड माफी कधी मागितलीच नाही." त्यांनी स्टॉपवॉच थांबवलं नाही, पायही खाली टेकला नाही. तशाच म्हणाल्या:

"बाकीच्या याद्या मी विसरले हो, पण तुमचे ते दहा शब्द मात्र पक्के बसलेत. उद्या मी तुम्हाला विचारलं, अहो बाई, तुम्ही कुणाकडच्या, तर रडत बसू नका. नुसतं 'कंदील' म्हणा. मी 'पेरू' म्हणते की नाही बघा."