‘आय ॲम कमिंग’ म्हणून गेलेली माणसं

फोनवर गुप्ताजी ओरडत होते. "मॅडम, आपने पढ़ाया क्या है? साहब उठ ही नहीं रहे!"

मी रायपूरच्या चौबे कॉलोनीत माझ्या क्लासमध्ये होते. गुप्ताजी म्हणजे भनपुरीतल्या एका कारखान्याचे मालक. तिथे राइस मिलला लागणारी मशीनं बनतात. त्यांच्या बारा लोकांना मी वीस दिवस बोलायचं इंग्रजी शिकवलं होतं, कारण मशीन तपासायला इंग्लंडहून मार्टिन नावाचे इंजिनियर येणार होते. ते त्या शनिवारी आले. अकरापर्यंत तपासणी झाली. मग ते डिस्पॅचच्या खोलीत एका खुर्चीवर बसले, ते दोन वाजले तरी तिथेच.

"पूछा नहीं आपने?"

"पूछा. बोलते हैं, वेटिंग."

"किसके लिए?"

"सबके लिए!"

बाहेर ट्रक भरून उभा होता. पाचच्या आत निघाला नाही तर बंदरावरचं जहाज चुकणार होतं. आणि ट्रक सोडायला तपासणीच्या कागदावर दोन सह्या हव्या होत्या. आधी डिस्पॅचच्या प्रमुखांची, मग मार्टिन साहेबांची. मी स्कूटी काढली. रस्ताभर एकच विचार डोक्यात होता: सातवा धडा. चूक सातव्या धड्यातच असणार.

आमच्या धंद्यात त्याला लीव्ह-टेकिंग म्हणतात. म्हणजे निघताना काय बोलायचं ते. त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं होतं, ‘आय ॲम गोइंग नाउ.’ भोयर काका उठून उभे राहिले. हेच ते डिस्पॅचचे प्रमुख. वय अठ्ठावन्न, घराणं वर्ध्याकडचं. वडील रेल्वेत होते म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले.

"मॅडम, हे पुसून टाका."

"काहून?" त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा घसरते.

"मानसानं जातो म्हनू नये. येतो म्हनावं. माह्या आत्यानं एकदा ‘जाते’ म्हनलं, ते गेलीच."

बाराही जणांनी पेनं खाली ठेवली.

"वारल्या?" मी हळूच विचारलं.

"नाही. दुर्गले गेली. तिथंच घर बांधलं. चाळीस वर्सं झाली, वापस नाही आली."

दुर्ग इथून तासाभरावर आहे. पण वर्गावर परिणाम व्हायचा तो झाला होता. रिसेप्शनवरची सुनीता म्हणाली, "हव मॅडम, हमारे घर में भी ‘जाती हूँ’ नहीं बोलते." मागच्या बाकावरचा वेल्डरही मान डोलवायला लागला.

मी म्हटलं, ठीक आहे, ‘सी यू टुमारो’ म्हणा.

"उद्याचं कोनी पाह्यलं?" काका म्हणाले.

"मग ‘गुड बाय’?"

"ते पाहुन्याले हाकलल्यासारखं वाटते."

सहा वाजून गेले होते. कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि माझा धीरही. मी म्हटलं, "काका, तुम्हाला जे बरं वाटतं ते म्हणा. फक्त हसून म्हणा."

माझ्या शिकवण्यातला एवढाच भाग बाराही जणांनी तंतोतंत पाळला.

कारखान्यात पोचले तेव्हा मार्टिन साहेब उकाड्यानं टोमॅटोसारखे लाल झालेले. समोर चहाचे पाच रिकामे कप. मला बघून ते अदबीनं उठले आणि त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. मिस्टर भोयर म्हणाले, ‘आय ॲम कमिंग.’ साहेबांनी विचारलं, मी थांबू का? काका म्हणाले, ‘येस, येस.’ नंतर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ‘आय ॲम कमिंग.’ नंतर अकाउंटंट. नंतर वेल्डर.

"सगळे फार छान हसले," साहेब म्हणाले, "आणि दाराबाहेर गेले. मला वाटलं, एखादी मीटिंग आहे आणि ते लोकांना बोलवायला गेलेत."

शनिवारी कारखान्यात अर्धा दिवस असतो. चौघंही निरोप घेऊन निघून गेले होते.

मी काकांना फोन लावला. मागे सनई वाजत होती.

"काका, कुठे आहात?"

"समता कॉलोनीत. पुतनीचं साक्षगंध हाय नं. जेवून राहिलो."

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. त्यातून माणूस उठवणं सोपं नाही.

"साहेब तुमच्यासाठी बसलेत. तुम्ही त्यांना येतो म्हणालात."

"मंग? येतोच नं. सोमवारी."

"कागदावर तुमची सही पाहिजे आहे!"

"माही? सह्या त मालक करते. थांबा, मी आलोच."

मार्टिन साहेबांनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, ते ‘आलोच’ म्हणाले. म्हणजे शब्दाला शब्द लावला तर, मी येऊन पोचलो आहे.

साहेबांनी दाराकडे बघितलं.

"म्हणजे अजून हात धुतला नाही," मी म्हटलं.

मग मी त्यांना नीट समजावलं. आमच्याकडे जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो आणि न निघालेला माणूस ‘आलो’ म्हणतो. त्यांनी खिशातून डायरी काढली, ते लिहून घेतलं आणि विचारलं, "मग खरोखर येणारा काय म्हणतो?" बावीस वर्षं शिकवते आहे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचार करून म्हटलं, "तो काही म्हणत नाही. तो बेल वाजवतो."

सव्वातीन झाले. काका आले नाहीत. नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या काकाला उठू दिलं नव्हतं. शेवटी गुप्ताजींनीच गाडी काढली. मी, साहेब आणि तो कागद, असे आम्ही साक्षगंधाला निघालो.

काका मांडवाच्या दारातच भेटले. "वेलकम सर! यू आर कम!" म्हणून त्यांनी साहेबांना मिठी मारली. कोणीतरी साहेबांच्या कपाळाला कुंकू लावलं. कोणीतरी टोपी घातली. फोटोग्राफरनं त्यांना नवरीच्या बाजूला उभं केलं. नवऱ्याच्या आईनं मला कोपऱ्यात घेतलं. "मुलीकडचे एवढे मोठे पाहुणे हायेत, हे आम्हाले काहून नाही सांगितलं?" तिच्या आवाजात थोडी तक्रार होती, थोडा आदर.

काकांच्या वहिनी साहेबांसमोर बसल्या. "विचारा बरं मॅडम, किती पोट्टे हायेत?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, अजून लग्नच झालेलं नाही. मी भाषांतर केलं, आणि तिथेच चुकलं. पाच मिनिटांत तीन बायका साहेबांची जन्मवेळ विचारायला लागल्या. गुप्ताजी घड्याळ दाखवत होते. साहेबांच्या पानात चौथी पुरी पडत होती.

शेवटी मिठाईचा खोका उलटा करून त्यावर कागद ठेवला. काकांनी उजव्या हातानं सही केली. त्याच हातानं ते जेवत होते. खाली साहेबांनी सही केली. पावणेपाचला ट्रक गेटबाहेर पडला. पंधरा दिवसांनी तपासणीचा पक्का रिपोर्ट आला. त्यात शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘पान दोनवरचा तेलाचा डाग मशीनचा नाही.’

गुप्ताजींनी कोर्स परत ठेवला. या वेळी ते स्वतः पहिल्या बाकावर बसले. पहिल्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही, फक्त विचारलं, तुमच्या घरी काय बोलत नाहीत? तासभर यादी चालली. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. एकानं लगेच वहीत लिहिलं, ‘माय ब्रदर्स शॉप इज इन्क्रीज्ड ॲट नाइन.’ व्याकरणात चूक नव्हती म्हणून मी त्याच्या वहीवर बरोबरची खूण करणार होते, तेवढ्यात हात थांबला.

आता नव्या शिक्षकांना मी एवढंच सांगते. विद्यार्थ्याचं व्याकरण चुकलं तर घाबरू नका. ऐकणारा हसतो, परत विचारतो, काम होतं. भीती बिनचूक वाक्याची बाळगा. त्यावर माणूस विश्वास ठेवतो.