करंजी घाटावरचा लाल गोल

जयमाला भिंगारदिवे विमानात बसली की ओढणी डोक्यावरून पुढे ओढायची आणि मांडीवरच्या लॅपटॉपसकट स्वतःला झाकून घ्यायची. काचेतून ऊन असं यायचं, की पडद्यावर काही म्हणता काही दिसायचं नाही. ओढणीच्या आत मात्र नकाशा उजळायचा आणि त्यावर विमानाचा बारकासा बाण सरकताना दिसायचा. शेजारी बसलेला पाहुणा हमखास विचारायचा, "ही काय चूल फुंकतीय का?" आणि पुढे बसलेले पंकजशेठ दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

पंकजशेठची कंपनी उसावर विमानातून औषध फवारायची. श्रीगोंद्याच्या अलीकडे माळावर त्यांनी धावपट्टी केली होती. फवारणीची दोन विमानं होती आणि चार माणसांचं एक, शेठना हिंडायला. ते चालवायचे कॅप्टन सॅम साळवे. हवाई दलातून निवृत्त झालेला नगरचा माणूस, बोलायला मऊ, कामाला चोख.

शहाण्णव साली शेठनी परदेशातून लॅपटॉप आणला, आणि त्याबरोबर उपग्रहावरून जागा सांगणारं तळहाताएवढं यंत्र. यंत्र लॅपटॉपला जोडलं की आपण कुठे आहोत ते पडद्यावर दिसतं, असं पुस्तकात लिहिलं होतं. जोडल्यावर दिसला तो कोऱ्या पांढऱ्या जागेत हलणारा एक बाण. आपल्या मुलखाचा नकाशा त्यात नव्हताच. तो भरायला माणूस हवा म्हणून नगरच्या एका कॉम्प्युटर क्लासला विचारलं, आणि क्लासनं आपली सगळ्यात हुशार मुलगी पाठवली.

जयमाला पाथर्डी तालुक्यातली. आई लंकाबाई आणि बाप कारभारी दर दिवाळीनंतर ऊस तोडायला निघायचे. वर्षाचे सहा महिने फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत. पोरगी वसतिगृहात राहून शिकली, बारावीनंतर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. शेठनी पहिल्याच दिवशी कागद बघून विचारलं होतं, "आईबाप काय करतात?" तिनं सांगितलं. शेठ सॅमकडे वळून म्हणाले, "घ्या कॅप्टन. कोयत्याच्या हातात माउस."

तिनं ते गिळलं. काम इतकं आवडलं होतं, की गिळणं जड गेलं नाही. उपग्रहाचं यंत्र पिशवीत घालून ती एसटीनं, जीपनं, कधी पायी सगळा जिल्हा हिंडली. कारखान्यांची धुराडी, पाण्याच्या टाक्या, तळी, रस्त्यांची वळणं, सपाट माळ – विमानातून ओळखू येईल अशा प्रत्येक जागी उभं राहून तिनं आकडे टिपले. एका गावात लोकांनी तिला हेर समजून चावडीत बसवून ठेवलं. दोन वर्षांत दोनशे सत्तर जागा भरल्या. पांढऱ्या पडद्यावर जिल्हा उगवून आला.

हवामानाचंही तिनंच बसवलं. वेधशाळेचा अंदाज सकाळचा असायचा आणि अख्ख्या मध्य महाराष्ट्राला एकच असायचा. म्हणून तिनं वाटेवरच्या गावांतली फोन असलेली माणसं धरून ठेवली. कोल्हारला शाळेतले गिदोन मास्तर, करंजी घाटात चहाचं हॉटेल चालवणारा गोरक्षनाथ, आणखी पाचसहा जण. उड्डाणाआधी ती प्रत्येकाला फोन लावायची. आभाळ कसं आहे, वारा कुठून आहे, डोंगर दिसतो की नाही? जिथे वाईट असेल तिथे नकाशावर लाल गोल. मग वर गेल्यावर दर दहा मिनिटांनी वेळ, जागा, ढग, आणि ती जे जे सांगायची ते सगळं टाइप करून ठेवायची. विमानाच्या थरथरीत लॅपटॉपच्या आतल्या डिस्कचा भरवसा नसायचा, म्हणून ही नोंद सरळ फ्लॉपीवर व्हायची.

सॅम तिला जयू म्हणायचे. नकाशा वाचायला, ढगाचं पोट बघून आतला वारा ओळखायला त्यांनीच शिकवलं. "तू सांग, मी वळवतो," म्हणायचे. तिला बापाचंही इतकं कौतुक कधी मिळालं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये शेठ मुंबईच्या एका भागीदाराला आणायला औरंगाबादला गेले. भागीदार धंद्यात मोठी रक्कम घालणार होता. त्याला संध्याकाळच्या आत धावपट्टी, विमानं, सगळं दाखवून जेवायला घालायचं होतं. दुपारी निघण्याआधी जयमालानं विमानतळाच्या बाहेरच्या बूथवरून फोन लावले.

"इथं लख्ख आहे," कोल्हारहून गिदोन मास्तर म्हणाले. "नदीपलीकडचा कारखाना दिसतोय."

करंजीहून गोरक्षनाथ ओरडूनच बोलला. "ताई, हिकडं काळंकुट्ट आलंय! वारं पडलंय. गारा हायेत ह्याच्यात, मी सांगतो. माझ्या पत्र्यावर आत्ताच दोनचार टणकल्या."

औरंगाबादहून श्रीगोंद्याची सरळ रेघ नेमकी त्याच घाटावरून जात होती. तिनं तिथे लाल गोल काढला आणि दुसरी वाट आखली – पश्चिमेला कोल्हारवर जायचं, तिथून मनमाडचा रस्ता धरून नगरवरून खाली उतरायचं. वीसपंचवीस मिनिटं जास्त. सॅमनी पडदा पाहिला, मान हलवली.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

"करंजीवर वादळ आहे, शेठ. कोल्हारकडून जाऊ या."

"कोण म्हणतं?"

"तिथल्या हॉटेलवाल्याला फोन केला होता."

शेठ भागीदाराकडे बघून हसले. "बघा आमचं हवामान खातं. चहावाला!" मग सॅमना म्हणाले, "सरळ चला, कॅप्टन. साहेबांना उशीर होतोय."

सॅमनी विमान वर नेलं आणि सरळ घाटाच्या रेघेवर धरलं. वीस मिनिटांनी समोर आभाळ शाईसारखं झालं. जयमालानं ओढणी मागे सारून त्यांच्या खांद्याला हात लावला. "सर, गोलाच्या कडेला आलोय. आत्ता उजवीकडे वळलो तर निघतो."

"सर, अजून वळता येईल," दोन मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली.

"ए, तू गप बस!" शेठ मागे न बघता म्हणाले. "कॅप्टन, तुम्ही पगार कुणाचा घेता?"

सॅमचा हात दांड्यावर होता. तो वळला नाही. जयमालानं ओढणीत डोकं घालून तेही लिहिलं: पंधरा बेचाळीस, वळायला दोनदा सांगितले, शेठ नको म्हणाले.

मग ढगानं विमान घेतलं. काचेवर गारा अशा आल्या की कुणी खडीचा ट्रक ओतावा. विमान एकदा वर फेकलं गेलं आणि मग पायाखालची फळी काढावी तसं पडत राहिलं. ढगाखाली निघाले तेव्हा डोंगराची कड समोर होती. सॅमनी कसंबसं विमान घाटापलीकडच्या एका नांगरट रानावर आणलं. रान सपाट होतं. पण तिथे राहीबाई होती.

साठीची बाई, गारांचा मार चुकवत शेळ्या बांधाकडे हाकत होती. डोक्यावर पोत्याची खोळ. गारांच्या आवाजात तिला दुसरं काही ऐकू आलं नसावं. चाकाचा तडाखा बसून ती जागच्या जागी गेली, आणि विमान पुढे जाऊन नाकावर उभं राहिलं.

सॅमचा पाय पत्र्यात अडकून मोडला. भागीदाराच्या बरगड्या गेल्या. जयमालाचा डावा हात कोपरातून भलतीकडेच वळला होता. शेठच्या कपाळाला नुसतं खरचटलं. बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा: "लॅपटॉप कुठाय?"

तिनं काखेत धरला होता. उतरताना उजव्या हाताचं बोट सवयीनं खटक्यावर गेलं होतं; दर उड्डाणानंतर फ्लॉपी काढायची सवय. निघालेली फ्लॉपी तिनं दातांनी गाठ ओढून ओढणीच्या पदरात बांधली. लॅपटॉप शेठनी घेतला.

घाटातून एक जीप आली. सॅमना आडवं घातलं, भागीदाराला टेकवून बसवलं, शेठ पुढे बसले. जयमाला चढायला गेली तर शेठ म्हणाले, "तू मागच्या जीपनं ये. साहेबांना नीट बसू दे."

मागची जीप यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती राहीबाईशेजारी गारांत बसून होती. एका हातानं तिनं तिच्या तोंडावर पोत्याची खोळ ओढली. शेळ्या ओरडत होत्या. मग बांधावरून एक म्हातारा धावत आला, तिचा नवरा रंगनाथ. तो रडला नाही. विमानाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि जयमालाच्या कपड्यांकडे बघून विचारलं, "तू त्यातलीच का?"

"व्हय," ती म्हणाली.

आठव्या दिवशी पेपरात आलं: संगणक चालवणाऱ्या मुलीनं मार्ग चुकीचा भरल्यानं विमान ढगात गेलं. तिचं नाव गावासकट छापलं होतं. शेठ सगळ्यांना सांगत होते की लॅपटॉप विमानाखाली चिरडला, नाहीतर पुरावाच होता.

हात गळ्यात बांधून ती दवाखान्यात सॅमना भेटायला गेली. त्यांचा पाय गुडघ्याखाली काढला होता. तिला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर, माझ्याकडे फ्लॉपी आहे. सगळं आहे त्यात. मी चौकशीच्या साहेबांना देते."

सॅमनी डोळे पुसले. "तू दिलीस तर म्हणतील, घरी बसून बनवली. तू शिकाऊ, त्यातून मुलगी. माझ्याकडे दे. मी वैमानिक आहे, मी माझ्या हातानं देतो. माझ्या शब्दाला वजन आहे, जयू."

तिनं पदराची गाठ सोडली आणि फ्लॉपी त्यांच्या उशाखाली ठेवली.

चौकशी नगरच्या सरकारी विश्रामगृहात झाली. सॅमना खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्यांच्या मागे शेठ उभे होते, एक हात खुर्चीच्या पाठीवर. अधिकाऱ्यानं विचारलं, "मार्ग कुणी ठरवला?"

"मी उपकरणावर विसंबलो," सॅम म्हणाले. "मुलीनं सांगितली त्या दिशेनं गेलो."

जयमाला उठून उभी राहिली. "सर! फ्लॉपी द्या ना त्यांना."

सॅमनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, रागही नव्हता. दमलेला माणूस दार लावून घेतो तसं काहीतरी होतं. "कसली फ्लॉपी?"

तिनं गोरक्षनाथला साक्षीला आणलं होतं. अधिकाऱ्यानं त्याला एकच विचारलं, "हवामानशास्त्राचं काही शिक्षण?" खोलीतले लोक हसले. गोरक्षनाथ टोपी हातात घेऊन बाहेर गेला. दोन महिन्यांनी अहवाल आला. त्यात 'अप्रशिक्षित व्यक्तीने भरलेली सदोष माहिती' असे शब्द होते. सॅमना नव्या पायासकट कंपनीच्या कचेरीत खुर्ची मिळाली. भागीदारानं रक्कम घातली.

नगरच्या क्लासनं तिला परत घेतलं नाही. "पालक विचारतात," एवढंच म्हणाले. गावात बायका तिला बघून पोरांना सांगायच्या, "हीच ती, इमान पाडनारी." बाप तिच्याशी बोलेनासा झाला. हात पुरता सरळ होईना.

आषाढात तिनं ठरवलं, राहीबाईच्या घरी जायचं.

"नको जाऊ," लंकाबाई म्हणाली. "त्यांचं मानूस गेलंय. तुला बघून अजून जीव जळंल त्यांचा."

"त्यांना खरं कळायला पाहिजे, आई. त्यांना वाटतंय मी मारलं."

"वाटू दे. त्यांचं वाटल्यानं तुझं काय जातंय? जगाला वाटतंयच की."

ती गेली. रंगनाथ ओट्यावर दोरी वळत बसला होता. तिनं नाव सांगायच्या आधीच त्यानं ओळखलं. ती उभ्यानंच सगळं बोलली – चहावाल्याचा फोन, लाल गोल, दोनदा सांगितलं ते, शेठ, सॅम, फ्लॉपी. बोलताना तिला हुंदका आला. रंगनाथचे हात थांबले नाहीत.

"झालं?" त्यानं विचारलं.

"बाबा, माझी चूक नव्हती."

"आसंल. न्हवती आसंल." त्यानं दोरीला पीळ दिला. "पन हे तू मला का सांगती? म्हातारी त्यानं उठती का? तिला कुनी मारलं ह्यानं आमच्या घरात काय फरक न्हाई. फरक तुला हाय. तुला तुझं नाव धुवायचंय, आन् पानी माझ्या दारातलं पायजे."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते तिला आत्ताच, त्याच्या तोंडून, पहिल्यांदा कळलं होतं. पाऊण तास ती त्या बाईशेजारी बसली होती, पण घरी परतल्यापासून तिनं राहीबाईचा विचार केला तो फक्त आपल्या गोष्टीतली मेलेली बाई म्हणून. ती कशी होती, किती लेकरांची आई होती, हे विचारायचं एकदाही सुचलं नव्हतं.

"त्यांना... मुलं किती?" तिनं आता विचारलं.

"जा तू," रंगनाथ म्हणाला. "आता नको इचारू."

दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीच्या टोळीत गेली. वाकड्या हातानं कोयता चालेना, तेव्हा मुकादमानं तिला मोळ्या बांधायला लावलं आणि मजुरी निम्मी धरली. जानेवारीत एक दिवस त्यांच्या फडाशेजारच्या कोवळ्या उसावर फवारणीचं विमान आलं. सगळे तोंडाला फडकी लावून पालथे झाले. ते पुन्हा वळून यायच्या आत पुढची मोळी बांधून होईल, एवढा हिशेब तिला न बघताही येत होता. तिनं ती बांधली, आणि मग आडवी झाली.