अँब्युलन्सचा फ्युएल ट्रिम

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेतल्या एका उंच पोस्टवर, लाइट रिपेअर डिटॅचमेंटमध्ये होती. मी नाईक गायकवाड, व्हेइकल मेकॅनिक, गाव कुरकुंभजवळ. डिटॅचमेंट कमांडर हवालदार शब्बीर तांबोळी, शिरूरचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. इतरांशी हिंदी, आम्हा दोघांत मात्र गावाकडची बोली.

रोज सकाळी फॉल-इनची हजेरी झाली की प्रत्येक गाडी स्टार्ट करून तपासायची. पेट्रोल गाड्यांच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला उस्ताद स्कॅनर लावायला सांगत. फ्युएल ट्रिम वाचायला त्यांनीच शिकवलं. इंजिनाचा कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल सोडत असेल तर आकडा अधिक, कमी सोडत असेल तर उणे. शून्याच्या आसपास असला की गाडी ठीक.

एका सकाळी पोस्टवरच्या एका जवानाच्या फुफ्फुसात पाणी झालं. ढग खाली उतरले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. त्याला ताबडतोब खाली हलवा, असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. अँब्युलन्स एकच, आणि तीही न्यूट्रलला धडधडून बंद पडत होती. घाटाच्या उतारावर तशी गाडी नेणं म्हणजे सगळ्यांचाच जीव धोक्यात.

ड्रायव्हर म्हणाला, "फ्युएल पंप गया है."

पंप बदलायचा तर टाकी उतरवावी लागणार. जवानाकडे तेवढा वेळ नव्हता.

उस्ताद बॉनेटखाली वाकले. मी स्कॅनर घेऊन सीटवर बसलो.

"आकडा सांग."

"ट्रिम अधिक पंचवीस, उस्ताद."

"रेस दे. आता?"

"उतरला. अधिक पाच."

"मंग पंप न्हाई. पंप कमजोर असता तर रेसवर आकडा चढला असता. ह्यो उतरतोय, म्हंजी कुठूनतरी फालतू हवा आत वढतीय, ती न्यूट्रललाच जास्त जाणवती."

रेडिओ खरखरला. "अँब्युलन्स कब निकलेगी? ओव्हर."

"निकाल रहे हैं, सर. ओव्हर."

उस्तादांनी हातमोजे काढले. त्या थंडीत उघड्या बोटांनी हवेचा एकेक रबरी होज चाचपला. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागे एका होजचं टोक तडकलं होतं. त्यांनी त्यावर ओलं फडकं गुंडाळलं.

"आता बघ."

"आकडा पडतोय, उस्ताद! पडतोय!"

तडकलेलं टोक कापलं, होज पुन्हा चढवला, क्लिप आवळली. इंजिन शांत चालू लागलं. त्यांची ड्यूटी नव्हती, तरी टूलबॉक्स घेऊन ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी घाटात एकदाही बंद पडली नाही. जवान वाचला.

पुढच्या हिवाळ्यात बर्फात अडकलेली गाडी काढायला उस्ताद रिकव्हरी पार्टी घेऊन गेले. त्या पार्टीत मी होतो. वरून बर्फाचा कडा सुटताना त्यांनी आधी पाहिला. ओरडून आम्हा सगळ्यांना मागे पळवलं. आम्ही सगळे आलो. ते आले नाहीत.

आता मी निवृत्त आहे. दरवर्षी, ते गेले त्या दिवशी, शिरूरला जातो, त्यांच्या वडिलांबरोबर, म्हणजे चाचांबरोबर, कब्रस्तानात उभा राहतो. यंदा तिथे एक अनोळखी माणूस पोचला. पहाडी चेहरा, अंगावर साधे कपडे. कबरीसमोर त्याने सावधान होऊन सॅल्यूट केला.

चाचांनी मला विचारलं, "कोन हाय रं?"

त्याला विचारून मी सांगितलं, "चाचा, त्या अँब्युलन्समध्ये हाच होता."

चाचांनी त्याचा सॅल्यूटचा हात हळूच खाली घेतला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत धरला.

"घरी चल," ते म्हणाले. "शब्बीरची आई वाट बघत असंल."