सभेच्या ॲम्प्लिफायरवर गिटार

"गिटार लय देखणी हाय, पोरी. पण ऐकू येत नाय," आमच्या पथकातले डफवाले काका म्हणाले. सातपूरच्या कारखान्यात जन्म काढलेला हा माणूस. त्यांची थाप पडली की माझी तार मुकीच व्हायची. आमचं पथक वस्त्यांमध्ये कंत्राटी कामगारांची गाणी म्हणतं. काकांनी मुदत दिली: रविवारी आमच्या घरी तालीम, तेव्हा डफाशेजारी गिटार ऐकू आली तर तिला पथकात घ्यायचं. नाहीतर मी मागे उभी राहून टाळ्या वाजवायच्या.

गिटारला वायर जोडायची सोय होती, पण ती जोडायची कुठल्या मशीनला? आई म्हणाली, "हप्त्यावर घे एखादं मशीन." मी भडकले. हप्त्यांनी पिचलेल्या माणसांची गाणी म्हणायची आणि स्वतःच हप्ता लावून घ्यायचा? शिवाय ॲम्प्लिफायर घरात होताच. बाबा पत्रकं लिहितात आणि बाजाराच्या दिवशी येवल्यापासून सटाण्यापर्यंत ती भोंग्यावरून वाचून दाखवतात. मी तीच वाचत वाढले.

शनिवारी सकाळी माइकच्या जागी गिटारची वायर खुपसली आणि तार छेडली. भोंग्यातून पत्रा कापल्यासारखा आवाज, पाठोपाठ कर्कश शिट्टी. समोरच्या गॅलरीतून शेजारच्या काकू ओरडल्या, "आज कसला मोर्चा गं?"

दोष बाबांच्या शिस्तीत होता. खर्जाचं बटण शून्यावर, वरच्या पट्टीचं पूर्ण फिरवलेलं, आणि दोन्हींवर चिकटपट्टी: 'हात लावू नये.' बाजाराच्या गलक्यात शब्द न् शब्द कळावा म्हणून. माझ्या आठवणीत ती बटणं कधी हलली नव्हती.

"बाबा, चिकटपट्टी काढते."

"नियम आहे तो."

"भाषणाचा आहे, गिटारचा नाही. कारण न विचारता नियम पाळू नका, हे तुम्हीच लिहिलंय."

"कुठल्या पत्रकात?"

"सगळ्याच!"

बाबा हसले नाहीत. पण ब्लेड त्यांनीच आणून दिलं.

मग मी सुटलेच! भोंगा काढून माळ्यावरच्या जुन्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर जोडला. दुरुस्तीच्या दुकानातून एक पिन आणली आणि वायर माइकऐवजी कॅसेट प्लेअर जोडायच्या जागेत लावली. दोन्ही बटणं मध्यावर आणली. शिट्टी तरीही येत होती, कारण स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटातल्या भोकातून आत शिरून पुन्हा बाहेर पडत होता. मोर्चाच्या फलकाचा पुठ्ठा गोल कापून त्या भोकात घट्ट बसवला आणि स्पीकरचं तोंड भिंतीकडे वळवलं.

छेडलं. खर्जाची तार फरशीतून तळपायांत आली. आई कणकेच्या हातांनी धावत बाहेर आली. "हे आपल्या घरात वाजतंय?"

रविवारी काकांनी मुद्दाम जोरात थाप दिली. मीही हात सैल सोडला. पहिलं कडवं संपलं आणि ते अचानक थांबले. मशीनकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

"आवाज कमी कर," ते गुरगुरले. "माझा डफ मलाच ऐकू येईना!"

सगळे हसले. मी बटण जरासं मागे फिरवलं.

"आता पहिल्यापासून," काका म्हणाले. "आणि सुरुवात तू कर. मी मागून येतो."

मी इतक्या घाईने सुरुवात केली की दुसऱ्याच ओळीला ताल सुटला. काकांनी एक सणसणीत शिवी हासडली, पण हात थांबवला नाही. मीही नाही.