देवगाव फाट्याचे दणके

दणके कंडक्टर हात उगारून धमकी देत नसत. आधी हात पडायचा, मग शब्द यायचे. शब्दही फारसे नसत. "कळलं?" एवढंच विचारायचे, आणि समोरच्याला कळलेलं असायचं. जिंतूर-सेलू गाडीत पोटुशी बाई उभी आहे आणि एखादा धडधाकट बाप्या बसून शेंगा फोडतो आहे असं दिसलं, की ते त्याला 'उठा' म्हणत नसत. मानगूट धरून उभा करायचे, बाईला बसवायचे आणि मग सांडलेल्या शेंगा गोळा करून त्याच्या खिशात नीट भरून द्यायचे.

त्यांचं आडनाव दणके नव्हतं. ते फाट्यानं दिलेलं होतं. पण इतकं घट्ट बसलं होतं की लोक तक्रारीही 'दणके कंडक्टर' याच नावानं लिहायचे. "आता त्या नावाचा माणूसच नोकरीत न्हाई, तर साहेब तरी काय करतेन?" असं म्हणून ते स्वतःच खदखदून हसायचे. मी तेव्हा चारठाण्याला शिकवायला होतो आणि राहायला सेलूला. रोज संध्याकाळी त्यांच्याच गाडीनं परतायचो. ते पालमकडच्या एका खेड्यातले, बौद्ध, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. अंगानं काटकुळे, हात मात्र गुडघ्यापर्यंत आल्यासारखे लांब. मला ते सर म्हणायचे, आणि गाडी किती का भरलेली असेना, माझ्यासाठी कुणाला उठवायचे नाहीत. "तुमचे पाय शाबूत हायेत," म्हणायचे.

देवगाव फाट्यावर गाडी थोडा वेळ थांबायची. ड्रायव्हर चहाला उतरायचा, आणि दणके तिकिटांची पेटी काखेत मारून खालिदभाईंच्या पत्र्याच्या हॉटेलात घुसायचे. तिथं भज्यांच्या कढईपलीकडं व्हिडिओ गेमची दोन मशीनं होती. नांदेडचा एक माणूस अधूनमधून येऊन त्यांच्यातले गेम बदलून जायचा. पडद्यावरची इंग्रजी नावं कुणी वाचत नसे. शर्यतीचा तो 'मोटार', विमानं पाडायचा तो 'विमान', आणि दोन माणसं एकमेकांना लाथाबुक्क्यांनी तुडवतात तो 'कराटे'. दणक्यांचा सगळा जीव कराटेवर. दांडी अशी पिळायचे आणि बटणं अशी हाणायचे, की मशीन जागचं सरकायचं. "अहो दणकेसाब, डब्बा फुटेल माझा!" खालिदभाई झारा उंचावून ओरडायचे. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत असायचा. हरले की दणके जिंकणाऱ्याच्या पाठीत एक गुद्दा घालायचे. तो शाबासकीचा असे, पण खाणाऱ्याला फरक कळत नसे.

असे गुद्दे सगळ्यात जास्त बाळूनं खाल्ले. बाळू जवळच्याच गावच्या एका बड्या बागायतदाराचा मुलगा. सेलूला कॉलेजात नाव होतं, दिवस मोटारसायकलवर आणि संध्याकाळ फाट्यावर जायची. दणक्यांच्या तोडीचा खेळणारा तो एकटाच. दोघं खांद्याला खांदा लावून मशीनसमोर उभे राहिले की आम्ही बाकीचे हातात चहाचे ग्लास घेऊन कोंडाळं करायचो.

"बाळ्या, पाय वापर की! पाय कशाला दिलेत त्याला?"

"गप बसा ओ तुमी. लक्ष उडतंय माझं."

घरच्या धाकट्या भावाशी बोलावं तसे दणके त्याच्याशी बोलायचे. बाळूही त्यांच्यासाठी मशीन अडवून धरायचा. गाडीचा आवाज आला की दुसऱ्याला हाकलून म्हणायचा, "सरका, कंडक्टर आले."

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर नवा गेम आला. त्यात एक शिपाई होता आणि त्याच्या हातात आग ओकणारी बंदूक. समोर झोपड्यांच्या रांगा यायच्या आणि तो त्या पेटवत पुढं जायचा. पोरांनी त्याचं नाव 'जाळपोळ' ठेवलं. बाळू कराटे सोडून तिकडं वळला. दणक्यांनी एकदाच तो गेम दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिला आणि गाडीत येऊन बसले. त्या दिवशी आम्ही फाट्यावरून वेळेवर निघालो.

वर्ष संपत आलं तेव्हा खालिदभाईंनी सांगितलं, की नांदेडवाला एक मशीन परत नेणार आहे. "ह्या साली सगळ्यात भारी गेम कोणता झाला ते तुम्हीच ठरवा. तोच ठेवतो." झालं, हॉटेलात वादाला तोंड फुटलं. ट्रॅक्टर चालवणारा एक जण मोटारीसाठी हमरीतुमरीवर आला. ट्रॅक्टर कधीच एवढा पळत नाही, हे त्याचं दुःख होतं. विमानाच्या बाजूनं कुणी बोललं, त्याला बाकीच्यांनी हुसकावून लावलं. शेवटी राहिले कराटे आणि जाळपोळ.

"जाळपोळ," बाळू म्हणाला. "एकटा माणूस आख्खं गाव साफ करतो. हाय का असा गेम दुसरा?"

"कराटे," दणके म्हणाले. "समोरच्याला बी तेवढेच हात, तेवढीच ताकद. हारलं तर हारलं, जिंकलं तर जिंकलं. तुझ्या त्या गेमात झोपडीतनं कुणी बाहेर येतं का? कधी बघितलं का?"

"यायच्या आतच पेटवायचं. त्यालाच तर जास्ती पॉइंट हायेत." पोरं हसली. बाळूला चेव आला. "आन् झोपड्याच त्या. पुन्हा बांधतेत की. अठ्ठ्यात्तरला न्हाई का बांधल्या?"

हॉटेलात अर्धे लोक हसत होते, ते तसेच थांबले. दणक्यांचा हात मी पाहिलाच नाही. बाळूचं तोंड मशीनच्या काचेवर आपटलेलं पाहिलं. नाकातून रक्ताची धार लागली आणि पडद्यावरच्या झोपड्यांवरून ओघळत खाली आली. मग त्याच्या दोस्तांनी दणक्यांना धरलं. कुणी बाक उचललं. चहाचे ग्लास भिंतीवर फुटले. एकानं फुटका ग्लास दणक्यांच्या कपाळावर ओढला. दणके पडत नव्हते. ज्याचा हात हाताला लागेल तो पिरगळत होते. खालिदभाईंनी उकळत्या तेलाचा झारा मधे धरला तेव्हा कुठं सगळे मागं हटले. दणके पेटी घेऊन गाडीत चढले आणि त्यांनी घंटी मारली. सेलूपर्यंत त्यांनी तिकिटं फाडली. माझ्या वाट्याला आलेल्या तिकिटावर रक्ताचा ठिपका होता.

दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी होती. दणके कपाळाला पट्टी बांधून माझ्या शेजारी येऊन बसले आणि न विचारता सांगू लागले. अठ्ठ्यात्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं तेव्हा ते विशीच्या आतले होते. त्यांच्या वस्तीवर दिवसाढवळ्या लोक चालून आले. घर पेटलं, आई शेळ्या सोडायला आत गेली आणि वरून पेटता वासा खांद्यावर पडला. ती वाचली, पण तो हात तिला पुन्हा वर करता आला नाही.

"जाळणारे परके नव्हते, सर. ज्यांच्या रानात आई खुरपायला जायची, तेच. पोलीस आले, बापाला इचारलं, कोण होते? बाप म्हणला, तोंडं बांधलेली होती, ओळखलं न्हाई. पोलीस गेल्यावर मला म्हणला, आपल्याला हितंच ऱ्हायचंय." ते खिडकीबाहेर बघत होते. "उघडीच होती तोंडं सगळ्यांची. मी बघितली. त्या दिवसापासनं बापाशी नीट बोललो न्हाई मी. मरेपर्यंत."

पंधराएक दिवसांनी, जानेवारीत, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. आमच्या भागात दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी नेहमीच्या गाडीत होतो. फाट्याच्या जरा अलीकडं, खालिदभाईंचं हॉटेल हाकेच्या अंतरावर असताना, रस्त्यावर दगड रचलेले होते आणि टायर जळत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तोच समोरची काच फुटली. दोन्ही बाजूंच्या तुरीतून माणसं निघाली. तोंडाला उपरणी, हातात काठ्या, गज, आणि दोघांकडं रॉकेलचे डबे. दगडांचा नुसता वर्षाव झाला. एका म्हाताऱ्याचा कान फाटला. लेकरांनी किंकाळ्या फोडल्या. दारावर गज आपटत कुणीतरी ओरडलं, "जयभीमवाले खाली उतरा! बाकीच्यांना काय करत न्हाई!"

मागच्या बाकावर एक आजी आणि तिची सून होती. सुनेच्या गळ्यात निळ्या दोऱ्यात ओवलेला बिल्ला होता. तिनं तो पदराखाली दडवला. दणक्यांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. "सर, मागची खिडकी उघडा. संकटकाळची. सगळ्यांना तिकडनं काढा," ते म्हणाले, आणि त्यांनी दार उघडलं.

"मी हाय जयभीमवाला. बोला. दुसऱ्या कुणाला नाव इचारायचं न्हाई."

पायरीवर उभं राहून त्यांनी पहिल्या चढणाऱ्याच्या तोंडावर तिकिटांची पेटी हाणली. पेटीचा कोपरा त्याच्या डोळ्याखाली घुसला. दुसऱ्याला लाथ बसली. दार अरुंद होतं, एकावेळी एकच चढू शकत होता, आणि तेवढ्यानंच ते टिकून राहिले. मागं मी आणि ड्रायव्हर माणसं खिडकीतून खाली सोडत होतो. आजी उतरायला तयार नव्हती, तिला मी अक्षरशः ढकललं. खालिदभाई हॉटेलच्या मागच्या दारातून हात करून सगळ्यांना आत घेत होते. मी वळून पाहिलं तेव्हा दणक्यांच्या डोक्यातून रक्त वाहत होतं. डाव्या हातानं त्यांनी दाराची दांडी धरलेली होती आणि उजव्या हातानं समोरच्याच्या तोंडावरचं उपरणं ओढलं होतं. उपरणं सुटलं. आत बाळू होता. नाकावर अजून काळी खपली होती.

दणक्यांना पाहून त्याचा उगारलेला हात थांबला. मला वाटलं, आता बाळूचा हात खाली येईल. तो खाली आला, पण गजासकट. दांडीवरच्या बोटांवर त्यानं गज मारला. पुन्हा मारला. बोटं तुटेपर्यंत मारत राहिला. हाडं फुटल्याचा आवाज मला गाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. दणके खाली कोसळले आणि त्यांना लाथांखाली घेऊन जमाव आत शिरला. पण तोवर ड्रायव्हर आणि मीही मागून उतरलो होतो, आत कुणीच नव्हतं. त्यांनी रिकामी गाडी पेटवली. ड्रायव्हरनं आणि मी दणक्यांना काखेत धरून ओढत नेलं तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ पेटत होती. ती आम्ही हातांनी आणि मातीनं विझवली.

परभणीच्या दवाखान्यात त्यांची तीन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर जमादार जबाब घ्यायला आले. मी खाटेजवळ होतो, आणि बाळूचे वडीलही होते. पांढरं धोतर, हातात मोसंब्यांची पिशवी. गावात त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. ते सकाळपासून आले होते आणि खरोखरच रडवेले झाले होते. "लेकरू हाय, कंडक्टर. तुमच्यासंगं खेळलेलं हाय. कुणीतरी नादी लावलं त्याला. तुमी नाव घेतलं तर जन्माचं वाटोळं व्हईल. तुमालाबी ह्याच रस्त्यावर नोकरी करायचीय."

दणक्यांचे ओठ सुजले होते. ते जमादारांकडं वळले. "लिहा. बाळू. ह्यांचा मुलगा."

"तोंडं बांधलेली होती म्हणतात सगळे," जमादार म्हणाले.

"मी सोडलं त्याचं तोंड. दोन वरसं रोज शेजारी उभा ऱ्हायलेला हाय. मी न्हाई ओळखणार तर कोण?"

अण्णासाहेबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "सर, तुमी शिकलेले हाव. तुमच्याच शाळंत आमच्या भावकीची लेकरं हायेत. तुमाला एवढ्या गोंधळात काय दिसलं असंल?"

दणक्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते छताकडं बघत पडून होते. "मला दिसलं," मी म्हणालो. "बाळूच होता." अण्णासाहेबांनी मोसंबी तिथंच ठेवली आणि ते निघून गेले. दणक्यांनी उजव्या हातानं ती पिशवी खाटेखाली सरकवली, ती दवाखाना सोडेपर्यंत तिथंच कुजली.

त्या उन्हाळ्यात माझी बदली पालमकडं झाली. दणक्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या डेपोत आतलं काम मिळालं. त्या हातानं तिकीट फाडता येत नव्हतं. खटला बरीच वर्षं रखडला. उतारू एकेक करून फिरले. म्हातारा म्हणाला, माझा कान पत्र्यानं फाटला. खालिदभाई म्हणाले, मी आत होतो, काही पाहिलं नाही. त्यांच्यावर मला राग धरता आला नाही. त्यांचं हॉटेल फाट्यावरच होतं. ड्रायव्हर, दणके आणि मी, आम्ही तिघांनी मात्र पाहिलं ते सांगितलं. ते पुरलं नाही. बाळू सुटला.

पुढं काही वर्षांनी नोकरीत असतानाच दणके गेले. ड्रायव्हरनं मला उशिरा कळवलं, त्यामुळं मातीलाही जाता आलं नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निकालाच्या दिवशी, कोर्टाच्या आवारात. बाळूच्या गळ्यात हार होता. आता तो चांगला बाप्या झाला होता, पोट सुटलं होतं. लोक पेढे वाटत होते. दणके लिंबाखाली माझ्याशी बोलत उभे होते. बोलता बोलता थांबले, गर्दीतून सरळ त्याच्यापर्यंत चालत गेले, आणि उजव्या हाताची एक त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की हार तुटून फुलं खाली पडली. बाळू भेलकांडत भिंतीला टेकला. चार जण दणक्यांवर धावले. पोलिसानं मधे पडून त्यांची कॉलर धरली.

"काय हो, कोर्टात मारामारी करता?"

"केली. लिहून घ्या," दणके म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "मी मारलं. उघड्या तोंडानं मारलं."

पोलिसानं आजूबाजूला पाहिलं. "कुणी पाहिलं?" लोक एकमेकांकडं बघू लागले. तारखांना येऊन येऊन साक्षीला सगळेच विटले होते. अण्णासाहेबांनीही मान खाली घातली.

"मी पाहिलं," मी म्हणालो. "यांनीच मारलं."

दणके वळले आणि माझ्याकडं बघून त्यांनी तोंडभर हसून मान डोलावली. "सरांचं नाव लिहा साक्षीदार म्हणून," ते पोलिसाला म्हणाले, "ते फिरत न्हाईत." मग आपली कॉलर पोलिसाच्या हातात तशीच ठेवून ते त्याच्या पुढं पुढं चौकीकडं चालू लागले.