तीन जादा नळ्या

माझ्या शुद्धलेखनाला कुणी हसू नये. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर हातात पेन्सिल आली ती दुधाचा हिशेब लिहिण्यापुरती. अक्षर तर ओल्या अंगणातून कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. घरात आम्ही वाडीतली आमची बोली बोलतो, पण ती कागदावर कशी उतरवायची ते मला कळत नाही, म्हणून शाळेत शिकवली तशी भाषा लिहिते. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर माफ करा.

आमचं घर वटार गावात. केळी, थोडी पानवेल, विहिरीजवळ मोगरा. त्यावर भागेनासं झालं तेव्हा ह्यांनी जुनी मोटार घ्यायचं मनात आणलं. त्या काळी गावात गाड्या मोजक्या होत्या. लग्नाला, बाप्तिस्म्याला, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला लोकांना गाडी बाहेरून बोलवावी लागे. ह्यांचा विचार बरोबर होता. पैसे तेवढे नव्हते.

पैसे माझ्या थोरल्या नणंदेकडे होते. त्या चंदनसारला चाळीत भाड्याने राहायच्या. नवराबायको दोघंही कामाला जायची आणि स्वतःची खोली घ्यायची म्हणून एकेक नोट मागे टाकायची. बहिणीकडे मागायची ह्यांना लाज वाटली. मी कधी शेजारी मीठ मागायला गेलेली नव्हते, पण तिथे गेले. वन्संनी चहा दिला, माझं अर्धंमुर्धं बोलणं ऐकलं आणि कपाटातून डबा काढला.

"तुझ्या नवऱ्याला नाही देत, तुला देते," त्या म्हणाल्या. "पण बघ हं, हे पैसे गेले तर माझी खोली गेली."

मी नोटा पदरात बांधल्या.

गाडी आली, दोन महिने बरी चालली, मग तिचा कार्बोरेटर गेला. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल एकत्र करून इंजिनाला पाजणारा भाग. त्याचं अंग झिजलं होतं, पेट्रोल ठिबकायचं. इतक्या जुन्या गाडीचा दुसरा मिळेना. गाडी अंगणात उभी राहिली आणि कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या.

वन्सं माहेरी आल्या तेव्हा काचेतून आत डोकावून म्हणाल्या, "माझ्या पैशाचं खुराडं झकास झालंय. भाडं देतात का ग ह्या?"

सगळे हसले. मीही हसले, आणि मग आत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

तेवढ्यात शेजारच्या ख्रिस्ती वाडीतल्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. बाई इसाराचे पैसे घेऊन आल्या. "बाय, रविवारी माझी पोर चर्चला तुमच्याच गाडीतून जाणार. कोंबड्या तेवढ्या उतरवा." गाडीच्या भाड्याची ही पहिलीच मोठी वर्दी. गाडी सुरूच झाली नसती किंवा वाटेत बंद पडली असती तर पुन्हा आम्हाला कुणी बोलावलं नसतं, आणि वन्संची खोली माझ्या गळ्यात राहिली असती.

हे मुंबईच्या जुन्या बाजारातून एक कार्बोरेटर शोधून आले. आमच्यासारख्याच गाडीचा, पण नंतरच्या सालातला. खाली बसायला तो बरोबर बसत होता, फक्त त्याच्या अंगातून करंगळीहून बारीक अशा तीन नळ्या जास्तीच्या निघाल्या होत्या. दुकानदार म्हणाला होता, "नव्या गाड्यांना धूर कमी करायचं सामान असतं, त्याच्यासाठी आहेत. तुमच्या गाडीत तसलं काहीच नाही. तुम्हाला लागणार नाहीत."

मेकॅनिकला द्यायला पैसे नव्हते. हे स्वतःच बसले, मी पाने आणि फडकी हातात देत राहिले. जुना काढला. खाली नवीन पॅकिंग कापून घातलं, नट आवळले. पेट्रोलची नळी जोडली. ॲक्सिलरेटरचा दांडा अडकवला, चोकची तार ओढून बघितली, ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याकडे जाणारी एक बारीक नळी लावली. झालं. जुन्या गाडीला एवढंच असतं. त्या तीन नळ्या उघड्याच राहिल्या.

"लागत नाहीत ना," हे म्हणाले.

गाडी सुरू झाली ती किंचाळतच. सगळं बॉनेट थरथरायला लागलं, आणि पाय काढला की बंद. ह्यांनी हा स्क्रू पिळला, तो सैल केला. ऊन डोक्यावर आलं. मला मात्र त्या गोंगाटात एक बारीक सू ऐकू येत होती, आणि ती ओळखीची होती.

आमच्या विहिरीवरचा पंप कधीकधी नुसता फिरतो, पाणी चढवत नाही. पंपाने हवा घेतली, असं आम्ही म्हणतो. विहिरीत सोडलेल्या पाइपाला कुठेतरी भोक पडलेलं असतं. तिथून पाणी बाहेर गळत नाही, हवाच आत ओढली जाते, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही. सांध्यासांध्याला शेण फासत जायचं. जिथे शेण आत ओढलं जातं तिथे भोक. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते फासत आले होते.

"हवा घेतेय," मी म्हटलं.

"काय?"

मोठ्याने बोलायला मला जमेना. मी वाकून खालच्या एका नळीच्या तोंडावर बोट दाबलं. नळीने बोट धरून ठेवलं, एखादं वासरू धरतं तसं. किंचाळणं उतरलं. दुसऱ्या हाताचं बोट दुसरीवर ठेवलं आणि इंजिन जमिनीवर आल्यासारखं शांत चालायला लागलं. हे हातातला पाना टाकून उठले.

"बोटं काढू नकोस," म्हणाले, "मी ट्यूब आणतो."

सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दुमडून नळ्यांवर चढवले, वर तार आवळली. तिसरी नळी वर होती, ज्या वाटीत पेट्रोल साठतं तिच्या डोक्याशी. तिथे बोट ठेवलं तेव्हा काहीच ओढ लागली नव्हती. पण दोन बरोबर आल्यामुळे मला जोर चढला होता. मी म्हटलं, "हीपण बांधा. धूळ जाईल." ह्यांनी बांधली.

शनिवारी गाडी निर्मळच्या तळ्यापर्यंत नेऊन बघितली. मी पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले. जाताना छान गेली. परत येताना इंजिन तापलं, काळा धूर निघाला, पेट्रोलचा उग्र वास आला आणि गाडी रस्त्यातच बसली. उरलेली वाट आम्ही दोघांनी ढकलली. डोक्यावरून पदर ओढून घेतला होता, तरी सारं गाव ओळखत होतं.

सासूबाई दारातच होत्या. "उद्या नवरीबरोबर करवल्याही बसवून घ्या," त्या म्हणाल्या, "ढकलायला."

मी पाण्याचं निमित्त करून विहिरीकडे गेले. मधे बोलायची मला काय गरज होती, हेच डोक्यात फिरत होतं. इकडे सासूबाईंनी ह्यांना चुलीपाशी बसवलं. "गाडीचं राहू दे. भाताकडे बघ, तेवढं तरी जमतंय का."

मी कळशी घेऊन परत आले तर भात उतू जाऊन चूल विझायला आली होती. झाकण गच्च बसलं होतं. ह्यांनी ते उचलून तिरपं ठेवलं आणि फेस खाली बसला. हे तसेच उकिडवे बसून त्या झाकणाकडे बघत राहिले. मग डाव हातात घेऊनच अंगणात धावले.

"अरे, डाव कुठे नेतोस?" सासूबाई ओरडल्या.

मी मागून गेले तेव्हा ह्यांनी तिसऱ्या नळीची ट्यूब सोडली होती. "वाटी तापली की वाफ जाणार कुठून? पेट्रोलही उतूच जात होतं. ही खालच्या दोघींसारखी नाही. हिला श्वास लागतो." तिला रबराचा छोटा तुकडा लावून त्यांनी तोंड खाली वळवलं आणि धुळीसाठी चहाच्या मोडक्या गाळणीची जाळी बांधली. पुन्हा तळ्यापर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही अडखळली नाही.

"गच्च बांधायची अक्कल कुणाची होती?" सासूबाईंनी विचारलं.

हे म्हणाले, "आमच्या दोघांची."

तेवढंच बोलले आणि जेवायला बसले. नंतर ह्यांनी ती गोष्ट कधी काढली नाही, भांडणातसुद्धा. आज लिहायला बसले तर नळ्यांपेक्षा मला हेच जास्त आठवतंय. बरोबर सांगितलेलं माझ्या नावावर राहिलं आणि चुकीचं दोघांत वाटून गेलं. त्यानंतर मला घरात बोलायची भीती वाटेनाशी झाली. बाहेर अजून वाटते.

रविवारी मी लग्नाला गेले नाही. केळींच्या आड उभी राहून गाडीचा आवाज ऐकत होते. नवरीचा झगा आत घ्यायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ इंजिन एका सुरात चालत राहिलं. मग आवाज चर्चच्या वळणावर बारीक होत गेला, पण तुटला नाही. संध्याकाळी बाई केक घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाय, सीटखाली एक अंडं सापडलं. पोरीला म्हटलं, शकुन चांगला आहे."

त्यानंतर वर्द्या येत गेल्या. बारशाच्या, दवाखान्याच्या, कधी रात्री मयताच्याही. जे उरायचं ते मी चंदनसारला पोचवायची, कधी मूठभर, कधी नुसती पानं आणि केळी. वन्सं टोमणे मारायच्या, पण कधी तगादा लावला नाही.

शेवटचे पैसे द्यायला आम्ही गाडीनेच गेलो. वन्सं खाली आल्या, मागच्या सीटवर बसून तिला हाताने चाचपून बघितलं. "पिसं नाहीत की," म्हणाल्या.

वर गेल्यावर मी पुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्या तशीच डब्यात टाकायला निघाल्या.

"वन्सं, मोजा," मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खाली बसल्या आणि बोट ओलं करून एकेक नोट मोजली. मग डब्याचं झाकण लावलं.

"फिटले ग बाई सगळे," त्या म्हणाल्या. "आता चल, माझी खोली दाखवते. गल्लीच्या कोपऱ्यावरच बघून ठेवलीय."